बाबा, चाय आणि देनिझ : मुलांसाठी तुर्की नावे आणि रोजचे शब्द

तुर्कीत 'बाबा' म्हणजे वडील, 'चाय' म्हणजे चहा, 'शेकेर' म्हणजे साखर आणि 'हावा' म्हणजे हवा. परभणी–परळी लोहमार्गावर पोखर्णी हे नृसिंहाच्या देवळासाठी ओळखले जाणारे गाव आहे. तिथल्या पहिली-दुसरीतल्या मुलाला हे चार शब्द शिकवावे लागत नाहीत, ते त्याच्या घरातच असतात. मुलांना तुर्कीची ओळख करून द्यायची तर सुरुवात अशाच शब्दांपासून करावी. 'नमस्कार, कसे आहात' या छापाच्या संवादांनी सुरू होणारी पुस्तके मुलांना पहिल्या पानावरच परकी वाटतात. ओळखीचा शब्द सापडला की पुढचा अनोळखी शब्द मूल आपणहून विचारते.

हे शब्द मराठवाड्यात कसे आले, हे मुलांना थोडक्यात सांगता येते. बहमनी काळापासून पुढे निजामशाही, मोगलाई आणि शेवटी हैदराबादची आसफजाही, अशा राजवटी या भागाने पाहिल्या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. या राजवटींच्या फौजांत आणि घराण्यांत तुर्क वंशाचे लोक होते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली तुर्कमान टोळीतला होता. हैदराबादच्या पहिल्या निजामाला 'चिन किलिच खान' असा किताब होता आणि आजच्या तुर्कीतही 'किलिच' म्हणजे तलवारच. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ती महंमद नावाच्या रूमी कारागिराने. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. मात्र दरबाराची भाषा फारसी होती. त्यामुळे तुर्की शब्द आपल्याकडे बहुधा फारसीचा पोशाख घालूनच आले आणि पुष्कळ जण त्यांना फारसीच समजतात.

तुर्की शब्दांत मुलांना सगळ्यात जास्त मजा येते ती 'तोफ' या शब्दाची. तुर्कीत 'टोप' म्हणजे तोफही आणि चेंडूही. मैदानात मुले लाथाडतात तो टोप आणि किल्ल्याच्या बुरुजावर ठेवलेली तीही टोपच. 'चकमक' हा शब्दही असाच. तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे आपटून ठिणगी काढणे, आणि आजच्या तुर्कस्तानात खिशातल्या लायटरला 'चाकमाक'च म्हणतात. मराठीत चकमकीच्या दगडावरून हा शब्द दोन फौजांच्या झटापटीपर्यंत गेला. लग्नाच्या मांडवाला बाजूने लावतात ती कनात. तुर्कीत 'कानात' म्हणजे पंख. इतिहासाच्या पुस्तकातला 'कुर्निसात' तुर्की 'ग्योरुनुश'चा भाऊ आहे आणि त्याचा अर्थ दिसणे, समोर येणे. 'उर्दू' या भाषेचे नाव 'ओर्दू' म्हणजे सैन्य किंवा छावणी या शब्दावरून पडले. तुर्कस्तानात सैन्याला आजही ओर्दूच म्हणतात. कोर्टाच्या बातम्यांत आरोपी 'मुचलक्यावर' सुटतो, तो मुचलका मध्य आशियातल्या तुर्की-मंगोल कारभारातून निघून इथवर पोचला. इथे एक सावधगिरी हवी. मराठीत आलेला प्रत्येक तुर्की शब्द तुर्कस्तानात आज चालतोच असे नाही. 'कैची' मूळ तुर्कीच आहे, पण इस्तंबूलच्या शिंप्याकडे मागायची तर 'माकास' म्हणावे लागते. कैची हा शब्द अझरबैजानकडच्या तुर्कीत अजून चालतो.

दुसरा मोठा गठ्ठा अरबी-फारसी शब्दांचा आहे. मराठीने ते घेतले, तुर्कीनेही घेतले. किताब तिथे 'किताप', कलम 'कालेम', जबाब 'जेवाप', हिशेब 'हेसाप', खबर 'हाबेर', शहर 'शेहिर', मैदान 'मेयदान', दुनिया 'दुन्या'. यातून मुलांना उच्चाराचे दोन नियम आपोआप सापडतात. 'ख'चा 'ह' होतो आणि शब्दाच्या शेवटचा 'ब' 'प' होऊन बसतो. शेवटी 'द' असेल तर 'त' होतो. हे नियम पुढे नावांच्या वेळी फार उपयोगी पडतात.

याच गठ्ठ्यात फसवे शब्दही आहेत आणि शिक्षकाने ते मुद्दाम पुढे आणावेत. 'देफ्तेर' म्हणजे पाठीवरचे दप्तर नव्हे. देफ्तेर म्हणजे वही. दप्तराला तुर्की मूल 'चांता' म्हणते. 'चादिर' म्हणजे चादर नव्हे, तंबू. 'मिसाफिर' म्हणजे मुसाफिर नव्हे, घरी आलेला पाहुणा. 'तमाम' म्हणजे सगळे नव्हे. 'तमाम' म्हणजे 'बरं, ठीक आहे', आणि हा शब्द तुर्क माणूस फोनवर दर दुसऱ्या वाक्यात उच्चारतो. 'तारिह' म्हणजे तारीख खरीच, पण शाळेच्या वेळापत्रकात तारिहचा तास म्हणजे इतिहासाचा तास. 'पाझार' म्हणजे बाजार आणि रविवारही. 'हाफ्ता' म्हणजे आठवडा. कर्जाचा हप्ता असा अर्थ त्याला नाही.

लिपीच्या बाबतीत मराठी मुलाला एक मोठी सवलत मिळते आणि ती वाया घालवू नये. तुर्की भाषा 1928 पर्यंत अरबी लिपीत लिहिली जात असे. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला कायदा झाला आणि रोमन अक्षरांची नवी तुर्की वर्णमाला आली. तिच्यात 29 अक्षरे आहेत, त्यांतले 8 स्वर. अक्षरे रोमन असली तरी उच्चार इंग्रजीचे नाहीत. इंग्रजीत 'सी' म्हणून वाचले जाणारे अक्षर तुर्कीत 'ज' आहे. त्याच्या पोटाखाली शेपटी दिली की 'च' होतो, 'एस'ला शेपटी दिली की 'श'. डोक्यावर वाटी ठेवलेला 'जी' मात्र स्वतः बोलतच नाही, आधीचा स्वर लांबवतो. इंग्रजीची सवय पक्की झालेला मोठा माणूस इथे हमखास ठेचकाळतो. 'जान' हे नाव तो 'कॅन' वाचतो, 'जेम'चे 'सेम' करतो. मराठी वर्तमानपत्रांनी तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांना वर्षानुवर्षे 'एर्दोगन' छापले तेही याच वाटीवाल्या 'जी'मुळे. तुर्की उच्चार 'एर्दोआन' असा आहे. म्हणून लहान मुलांना आधी देवनागरीत शब्द द्यावेत, कानावर बसू द्यावेत आणि रोमन तुर्की अक्षरे नंतर दाखवावीत.

देवनागरीत न मावणारे स्वर तीनच आहेत. एकासाठी ओठ 'उ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि जीभ 'इ'च्या जागी ठेवायची. दुसऱ्यासाठी ओठ 'ओ'चे, जीभ 'ए'ची. तिसरा 'इ' म्हणताना जीभ मागे ओढून निघतो. तुर्कीत त्याला बिंदू नसलेला 'आय' लिहितात. मुलांना आरशासमोर उभे केले तर हे स्वर पाच मिनिटांत जमतात. मोठ्यांना लाज वाटते म्हणून जमत नाहीत.

नावे शिकवताना वर्गातल्याच नावांना तुर्की जोड्या शोधाव्यात. परभणी जिल्ह्यातल्या शाळेत फातिमा, आयेशा, खतीजा, झैनब, महंमद, अहमद या नावांची मुले असतातच. तुर्कस्तानात याच नावांच्या मुलांना फात्मा, आयशे, हातिजे, झेयनेप, मेहमेत, आहमेत म्हणतात. शेवटच्या दोन नावांत 'द'चा 'त' झाला आणि झेयनेपमध्ये 'ब'चा 'प', म्हणजे मघाचा नियम इथे पुन्हा भेटतो. हिंदू घरांतल्या नावांची भाषांतरे तर आणखी गमतीची. सागर असेल तर तो 'देनिझ', तारा असेल तर 'यिल्दिझ', वर्षा 'याअमुर', धरती 'तोप्राक', सूरज 'गुनेश'. 'बुलुत' म्हणजे ढग. ही सगळी तुर्कस्तानात खरोखर ठेवली जाणारी नावे आहेत आणि त्यांतली बरीचशी मुलालाही चालतात, मुलीलाही. देनिझ मुलगा आहे की मुलगी हे नावावरून कळत नाही. सिंहाला 'अस्लान' म्हणतात. नृसिंहाच्या गावातल्या मुलांना हा शब्द एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही. त्याचे जुने रूप 'अर्सलान'. 1071 साली मांझिकर्टची लढाई जिंकणारा सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान तो हाच.

एका नावावर थोडे थांबायला हवे. 'निलुफेर' म्हणजे पाण्यातले कमळासारखे फूल. संस्कृत 'नीलोत्पल' इराणात गेले, 'निलुफर' झाले आणि तिथून तुर्कांकडे पोचले. 1931 साली उस्मानी राजघराण्यातल्या दोन मुली निजाम मीर उस्मान अली खानाच्या दोन मुलांना दिल्या गेल्या. लग्न फ्रान्समधल्या नीस शहरात लागले. शेवटचा खलिफा अब्दुल मजीद याची मुलगी दुर्रुशेहवार थोरल्या मुलाची बायको झाली आणि त्याच घराण्यातली निलुफेर धाकट्याची. तिच्या नावाचे मुलांचे आणि बाळंतिणींचे मोठे इस्पितळ हैदराबादेत आजही आहे. हिंदुस्थानातून निघालेले नाव सुनेबरोबर हिंदुस्थानात परत आले, आणि आले ते परभणी ज्या संस्थानात होती त्याच संस्थानाच्या राजधानीत.

आडनावांची गोष्ट वेगळी आहे. तुर्कांना 1934 पर्यंत आडनावेच नव्हती. वडिलांचे नाव, गाव किंवा धंदा सांगून माणूस ओळखला जाई. 21 जून 1934 रोजी आडनावाचा कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाला एक आडनाव निवडावे लागले. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल यांना त्याच वर्षी 'आतातुर्क' म्हणजे तुर्कांचा पिता हे आडनाव मिळाले. लोकांनी निवडलेली आडनावे मराठी आडनावांशी इतकी जुळतात की वर्गात जोड्या लावायला देता येतात. 'देमिर' म्हणजे लोखंडे, 'कारा' म्हणजे काळे, 'काया' म्हणजे खडके, 'बुलुत' म्हणजे ढगे. 2006 साली साहित्याचे नोबेल मिळवणारे ओरहान पामुक यांचे आडनाव मराठीत आणले तर ते कापसे होतील, कारण 'पामुक' म्हणजे कापूस. कापूस वेचायला आईबरोबर शेतात गेलेल्या मुलाला हा शब्द कुठल्याही चित्राशिवाय कळतो.

हाक मारण्याची पद्धतही ओळखीची आहे. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे तिथेही उद्धटपणाचे. पुरुषाच्या नावापुढे 'बेय', स्त्रीच्या नावापुढे 'हानिम' लावतात : मेहमेत बेय, आयशे हानिम. मराठीतल्या राव आणि बाईंसारखेच हे शब्द पहिल्या नावाला लागतात, आडनावाला नाही. बेगम आणि खानम हे याच घराण्यातले शब्द. थोरला भाऊ 'आबी', थोरली बहीण 'आब्ला'. रस्त्यावरच्या अनोळखी तरुणालाही आबी म्हणतात, जसे आपण दादा म्हणतो. भाजीवाल्याला 'आमजा' म्हणजे काका, वयस्क बाईला 'तेयझे' म्हणजे मावशी.

नात्यांच्या शब्दांत तुर्की मराठीइतकीच काटेकोर आहे आणि इंग्रजी इथे साफ कमी पडते. काका 'आमजा', मामा 'दायी', मावशी 'तेयझे', आत्या 'हाला'. चारही नाती वेगळी आहेत, सगळ्यांना एकाच 'अंकल-आंटी'त कोंबलेले नाही. मुस्लिम घरातल्या मुलांचा इथे गोंधळ होतो, कारण त्यांच्याकडे खाला म्हणजे मावशी आणि तुर्कीत हाला म्हणजे आत्या. शब्द एकच, बाजू बदलली. आई 'आन्ने'. आजोबा दोन्हीकडचे 'देदे'. आजीच्या बाबतीत मात्र तुर्की मराठीच्या पुढे जाते. आईची आई 'आन्नेआन्ने', बाबांची आई 'बाबाआन्ने'. तुर्की मुलाला 'कुठली आजी' हे विचारावे लागत नाही.

व्याकरण शिकवायचे नाही असे ठरवले तरी ते डोकावतेच आणि मराठी मुलाच्या बाबतीत ते डोकावू द्यावे. 'आदिन ने?' म्हणजे 'तुझे नाव काय?' यात शब्दांचा क्रम तोच आणि क्रियापद दोन्हीकडे नाही. 'बेन ओकुला गिदियोरुम' : मी, शाळेला, जातो. शाळा 'ओकुल', त्याला 'आ' चिकटला की 'शाळेला', 'दा' चिकटला की 'ओकुलदा' म्हणजे शाळेत. घर 'एव', घरात 'एवदे', घरून 'एवदेन'. प्रश्न करायचा तर शेवटी 'मी' जोडायचा : 'गेल्दी' म्हणजे आला, 'गेल्दी मी?' म्हणजे 'आला का?' फरक एकच आणि तो मुलांच्या फायद्याचा आहे. तुर्कीत लिंगच नाही. 'ओ' म्हणजे तो, ती, ते सगळेच. मुलगा आणि मुलगी 'गिदियोरुम' सारखेच म्हणतात.

आणखी एक जागा अशी आहे की जिथे मुले हसतात. मराठीत आपण 'चहाबिहा', 'पुस्तकबिस्तक' म्हणतो. तुर्क माणूसही हेच करतो, फक्त 'ब'ऐवजी 'म' लावतो : 'चाय माय', 'किताप मिताप'. 'हळूहळू'सारखी जोडीही तिथे आहे : 'यावाश यावाश'. ही सवय शिकवायला लागत नाही. एक उदाहरण दिले की मुले दिसेल त्या वस्तूला 'म' लावत सुटतात आणि तुर्की कानाला ते बरोबरच वाटते.

आकडे लवकर उरकावेत : बिर, इकी, उच, दोर्त, बेश, अल्ती, येदी, सेकिझ, दोकुझ, ओन. पुढे अकरा म्हणजे 'ओन बिर', दहा एक. बासष्ट म्हणजे 'आल्तमिश इकी', साठ दोन. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ दोन' असे जोडून वाचण्याची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला. तुर्की मुले जन्मापासून तसेच मोजतात.

स्वयंपाकघरातले शब्द सोपे आहेत : पुलाव 'पिलाव', पनीर 'पेयनिर', हलवा 'हेलवा', सरबत 'शेर्बेत', बदाम 'बादेम', तवा 'तावा'. वांग्याला 'पातलिजान' म्हणतात. हा शब्दही मूळचा हिंदुस्थानी, इराण आणि अरबस्तान फिरून तिथे गेलेला. नारळाला 'हिंदिस्तान जेविझी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचे अक्रोड. इंग्रज ज्याला टर्की म्हणतात त्या पक्ष्याला खुद्द तुर्क 'हिंदी' म्हणतात. पक्षी मुळात अमेरिकेचा. जेवण वाढणाऱ्याने 'आफियेत ओलसुन' म्हणायचे आणि जेवणाऱ्याने 'एलिनिझे साअलिक', म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. काम करत असलेल्या माणसाजवळून जाताना 'कोलाय गेलसिन' म्हणतात, काम सोपे होवो. यासाठी मराठीत ठरलेला शब्दप्रयोग नाही. खुरपणी करणाऱ्या बायांना बांधावरून जाता जाता म्हणावा असा तो आहे.

शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा मुल्ला नसरुद्दीनची एक गोष्ट अर्धा तास पुरते. तुर्क त्याला 'नासरेद्दिन होजा' म्हणतात आणि अकशेहिर गावात त्याची कबर दाखवतात. होजा शेजाऱ्याकडून मोठे पातेले, 'कझान', उसने आणतो आणि परत देताना आत एक लहान पातेले ठेवतो. 'कझान दोउर्दू', पातेले व्याले! शेजारी खूष होऊन दोन्ही ठेवून घेतो. पुढच्या वेळी होजा पातेले परतच करत नाही. 'कझान ओल्दू', पातेले मेले! शेजारी चिडतो तेव्हा होजा विचारतो, व्याले हे पटले, मग मेले हे का पटत नाही? दोन वाक्यांत एक नाम आणि दोन क्रियापदे मुलांच्या तोंडी बसतात आणि पुढचे आठ दिवस वर्गात पेन, खडू, डबा सगळेच 'ओल्दू' होत राहते.

थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे सातवी-आठवीच्या, एक गोष्ट आणखी सांगता येते. 1932 साली तुर्कस्तानात भाषेसाठी संस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द काढून तुर्की शब्द घडवण्याची मोहीम निघाली. शाळेला आधी 'मेक्तेप' म्हणत, त्याचे 'ओकुल' झाले. गुरुजी 'मुआल्लिम' होते ते 'ओरेत्मेन' झाले. महाराष्ट्रात हाच प्रयत्न शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोशाने केला होता. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडलेल्या त्या कोशात तोफ, दप्तर अशा दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. त्यांतले काही रुजले, पुष्कळ रुजले नाहीत. तुर्कांच्याही बाबतीत तसेच झाले : 'किताप', 'कालेम', 'देफ्तेर' हलले नाहीत. मराठीतल्या अशा शब्दांचा शोध घ्यायचा असेल तर माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा 1925 सालचा फार्शी-मराठी कोश ग्रंथालयात मागावा. शिक्षकाने तो जवळ ठेवला तर मुलांच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात.

तारखांमध्ये एक तारीख मुलांसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 23 एप्रिल 1920 रोजी अंकारात तुर्कांची राष्ट्रीय सभा भरली आणि तो दिवस तिथे बालदिन म्हणून पाळला जातो. शाळांना सुट्टी असते. पोखर्णीच्या शाळेत तो दिवस साजरा करायचा तर फळ्यावर प्रत्येक मुलाचे नाव आणि शेजारी त्याचा तुर्की अर्थ लिहिणे एवढे पुरेसे आहे. ज्यांना पुढे ही भाषा रीतसर शिकायची आहे, त्यांच्यासाठी दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठात तुर्कीचा पदवी अभ्यासक्रम आहे.